आमेन म्हणण्याची घाई

सदरच्या आमच्या मंडळीतील हयात, दिवंगत आणि रुसून दुसऱ्या मंडळीत निघून गेलेल्या सर्व बंधुभगिनींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सत्तर सालानंतरच्या एका नाताळापासून पुढच्या नाताळाच्या तोंडापर्यंत आमच्या घरात ख्रिस्ती क्षमा पूर्णपणे बंद होती. विश्वास चालू होता. प्रीती चालू होती. आशा तर माझ्या लग्नाच्या बाबतीत आईने दिवसरात्र चालू ठेवली होती. क्षमा तेवढी रॉकेलसारखी मिळेनाशी झाली होती, आणि त्याला कारण एक केक होता.

आता हा केक कोणाचा, यावरच सगळा वाद असल्यामुळे तो कोणाचा हे मी सांगू शकत नाही. दोन दावेदार होत्या. एक माझी आई आणि दुसरी शेजारची मावशी. मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. दोघी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर वाढल्या, एकाच फणीने विंचरल्या, आणि लग्न होऊन नागपुरातल्या एकाच ओळीतल्या दोन घरांत येऊन पडल्या. मध्ये एक भिंत होती. कोणाच्या घरी डाळीला फोडणी बसली आणि कोणाच्या घरी नवऱ्याला बोलणी, हे त्या भिंतीतून दोन्हीकडे रोज समजायचे.

आमच्याकडे तेव्हा घरात केक भाजण्याची सोय कोणाकडेच नव्हती. नाताळाच्या आदल्या आठवड्यात मैदा, साखर, अंडी, वनस्पती तूप, भिजवलेले मनुके असे सगळे सामान पिशवीत घालून बेकरीच्या भट्टीवर जायचे. तिथला माणूस आपल्या डोळ्यांदेखत ते फेटायचा, पत्र्याच्या डब्यात ओतायचा आणि डब्यावर नावाची कागदी चिठ्ठी चिकटवायचा. मग डबा भट्टीत जायचा. भट्टी काही नाव वाचून भाजत नाही. डबे बाहेर येत तेव्हा निम्म्या चिठ्ठ्या जळून गेलेल्या असत आणि उरलेल्या निम्म्यांवर तुपाचा डाग असे. मग अंदाजाने वाटप व्हायचे. सगळ्या गावाचा नाताळ असा अंदाजाने पार पडायचा आणि कोणाची काही तक्रार नसायची.

त्या वर्षी आईने वनस्पती तुपाऐवजी खरे लोणी आणले होते, आणि हे तिने ओळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितले होते. नाताळाच्या सकाळी सुरी फिरवली, पहिला तुकडा तोंडात घातला आणि आई थांबली. "हे लोणी नाही," ती म्हणाली. त्याच घटकेला भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, "इतली अंडी घातली म्या, गेली कुठी?"

बाबांनी दोन्ही घरचे केक खाल्ले होते. त्यांचे मत असे होते की दोन्हींना भट्टीच्या धुराचीच चव आहे. पण बाबा रेल्वेत फिटर होते. केकच्या बाबतीत त्यांची साक्ष कोणी धरली नाही.

त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद झाले. एकमेकींशी बंद झाले, एवढेच. देवाशी बोलणे चालूच होते, आणि भांडणाला तेवढी वाट पुरली.

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थना सभा भरायची. अजूनही भरते. दरी म्हणजे मोठी सतरंजी अंथरायची, दोन गीते म्हणायची, पाळकसाहेब वचनावर चार शब्द बोलायचे, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याला प्रेरणा होईल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची. एक आजोबा नेमाने दूरदूरच्या देशांच्या राजांसाठी प्रार्थना करत, त्यांतले काही राजे गादीवरून उतरून बरीच वर्षे झालेली असत. या पद्धतीतली खुबी अशी की प्रार्थना करणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. देवाशी बोलत असलेल्या माणसाला, "बाई, हे खोटं आहे," असे म्हणायची सोय कोणत्याच धर्मात नसावी.

पहिल्याच गुरुवारी आईने सुरुवात केली. आई प्रार्थना करायची ती वसतिगृहात शिकलेल्या शुद्ध, इस्त्रीच्या मराठीत. "हे कृपाळू पित्या, ज्या भगिनीच्या हातून मोहाच्या क्षणी परक्या वस्तूचा स्वीकार घडला, तिला तू पश्चात्तापाची बुद्धी दे."

"आमेन," सगळे म्हणाले.

लगेच पलीकडून मावशी. मावशीला असली मराठी येत होती, पण ती देवाशी घरच्या भाषेत बोलायची. "प्रभु, तू तर सारं पाहून राहिला. लोण्याचा डांगोरा कोनं पिटला, अन् अंडी कोनाच्या पोटात गेली, तुले काय सांगाव. मी काही म्हनत नाही. तूच म्हन."

"आमेन," सगळे म्हणाले. पाळकसाहेब जरा हळू म्हणाले.

असे महिनोन्महिने चालले. उपस्थिती वाढली, हे मान्य केले पाहिजे. एरवी गुरुवारी ज्यांना पोटदुखी व्हायची तेही वेळेवर येऊन पुढे बसू लागले.

उन्हाळ्यात बाबा सायकलवरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. मोठ्या दवाखान्यात खाटेवर पाय वर टांगून ते बराच काळ पडून होते. पगार अर्ध्यावर आला. आता इथे माझ्या आईचे कौतुक केलेच पाहिजे, कारण पुढे ते करायला जागा मिळणार नाही. त्या दिवसांत आईने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पातळ डाळीपुढेही उपकारस्तुती म्हटल्याशिवाय कोणाला घास घेऊ दिला नाही. रेशनच्या दुकानदाराने चुकून जास्त साखर दिली तर भर उन्हात ती परत करून आली. दारावर कोणी आले तर आपल्या ताटातले दिले. खोटे तर ती आयुष्यात बोलली नव्हती. संकटात मूल्ये कशी टिकवावी, याचा वस्तुपाठ म्हणून तिला काचेच्या कपाटात ठेवता आले असते. फक्त ते कपाट मावशीच्या घराकडे तोंड करून ठेवायचे नाही, एवढीच काळजी घ्यावी लागली असती.

"अवं," बाबा खाटेवरून म्हणायचे, "पाय मोडला त्याले तू देवाची इच्छा म्हणून राहिली. केक बदलला त्याले काहून नाही म्हणत?"

"पाय देवानं मोडला," आई म्हणायची. "केक तिनं नेला."

मावशी दवाखान्यात यायची. पण आई नसेल तेव्हाच. आई डबा देऊन घरी गेली, की थोड्या वेळाने मावशी दारात उभी असायची. बाबांची विचारपूस करायची, मोसंबी ठेवायची आणि जाताना मला बजावायची, "मायले सांगू नको, नाही तर मोसंबी बी चोरीची म्हनन." मी सांगत नसे. बाबा मोसंबी खात आणि साली पलीकडच्या रुग्णाच्या खाटेखाली सारत.

आता माझ्याकडे वळू. माझे लग्न ठरत नव्हते. कारण माझा आवाज. तो पहिल्यापासून असा आहे, बसल्या जागेवरून रस्त्यापलीकडच्या पानवाल्याशी सहज बोलता यावे असा. दर नाताळाच्या नाटकात दुष्ट राजाचे काम मलाच मिळायचे, कारण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा दरारा मंडळीतल्या एकाही पुरुषाच्या गळ्यात नव्हता. मी दाढी लावून गरजले की पुढच्या ओळीतली लेकरे रडायची आणि मला फार बरे वाटायचे. पण सुनेकडून लोकांना दरारा नको असतो. दोन स्थळे आली आणि परत गेली. दुसऱ्यांनी तर निरोपच पाठवला होता की मुलगी चांगली आहे, पण आम्ही फाटकात पोचायच्या आधीच ती ऐकू आली.

तिसरे स्थळ खापरखेड्याचे. मुलगा तिथल्या वीजघरात कामाला. त्याला मी आधी एकदा पाहिले होते. आमच्या मंडळीच्या गायनसभेला तो एकटाच आला होता आणि बाक उचलू लागला होता. बाक त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. इतर कोणी असता तर जे शब्द बाहेर आले असते ते प्रार्थना मंदिरात चालले नसते. हा मात्र वाकून बाकालाच "माफ करा" म्हणाला. मी ठरवले की हाच. हे मी कोणाला सांगितले नव्हते, पण आई ओळखून होती.

त्याची आई विधवा, निवृत्त शिक्षिका. त्यांना शांत सून हवी आहे, असे ऐकिवात होते. आमच्यात मुलगी बघायला थेट येत नाहीत. त्या घरी सभा असेल त्या गुरुवारी "सहज" येतात, म्हणजे नकार दिला तरी कोणाचा अपमान होत नाही. "आलो होतो प्रार्थनेला," एवढे म्हटले की झाले. खापरखेड्याच्या बाईंनी तसा निरोप पाठवला. आमच्या घरच्या सभेचा गुरुवार नोव्हेंबरात होता.

आईने मला ताबडतोब हुकूम सोडला. गीतात फक्त ओठ हलवायचे. विचारले तर मान हलवायची. बाकी सगळे ती बोलेल. "मी खोटं काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण सगळं सांगितलंच पाहिजे असं कुठं आहे?"

एवढा बंदोबस्त झाल्यावर आई एकदम खाली बसली. तिला आठवले की सभेची घोषणा रविवारी उपासनेत होते आणि पाळकसाहेब "सर्वांनी यावे" असे म्हणतात. सर्वांत मावशी आली. मावशी येणार, डोळे मिटणार आणि तिला प्रेरणा होणार.

"क्षमा माग तिले," बाबा म्हणाले. ते आता काठी घेऊन घरात फिरत होते.

"मागायची कशाला? करते. मोठ्या मनानं करते." आणि मंगळवारी दुपारी आई पदर सावरून मोठे मन घेऊन शेजारी गेली. बाबा आणि मी भिंतीला कान लावून उभे राहिलो.

"आले मी," आईचा आवाज.

"दिसून राहिलं."

"मी तुला क्षमा केली आहे."

पलीकडे मावशीने हातातले भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कायची वं?"

"तुला माहीत आहे कशाची."

"मले इतलंच माहीत आहे का म्या तुले होळीच्या आंधीच क्षमा करून टाकली. देवाले सांगून ठेवलं आहे. इचार त्याले."

"तू काय म्हणून करशील? नुकसान माझं झालं."

"अन् माही अंडी?"

"मी आधी म्हटलं."

"म्या आंधी केली."

आईची शुद्ध मराठी इथे संपली. रागात आली की ती वसतिगृहातून निघून थेट माहेरी, खाप्याला पोचायची. "काहून करशीन तू? मी का तुह्या दारात मांगाले आली?"

"मंग आली काहून?"

दार आपटले. आई परत आली, पाणी प्यायली आणि बाबांना म्हणाली, "मी दिली. तिनं घेतली नाही. माझ्याकडून झालं."

"अवं, ते देत नसतात. मांगतात," बाबा म्हणाले. "एक बार मांगून त पाह्य."

"माझी चूक असती तर मागितली असती."

बाबांनी काठीने चप्पल ओढून घेतली आणि बाहेर जाऊन बसले.

गुरुवार आला. दरी अंथरली, खुर्च्या मागून आणल्या, पोहे भिजवले. खापरखेड्याच्या बाई मुलाला घेऊन वेळेच्या आधीच आल्या. पांढरे पातळ, ताठ पाठ, आणि वर्गात कोण बोलले हे मागे न वळता ओळखणारी नजर. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. शिक्षण किती, ते आईने सांगितले. स्वयंपाक येतो का, ते आईने सांगितले. गाते का, यावर आई क्षणभर अडली आणि म्हणाली, "मनातल्या मनात." मी मान हलवली. बाई माझ्याकडे फार मायेने बघत राहिल्या, आणि त्या मायेचा अर्थ तेव्हा आमच्यापैकी कोणालाच लागला नाही. मुलगा दरीवर बसून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

मग मावशी आली. कडक इस्त्रीची साडी नेसून आली, सगळीकडे नजर टाकली आणि सगळी दरी मोकळी असताना नेमकी खापरखेड्याच्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली.

गीते झाली. मी ओठ हलवले. वचन झाले. पाळकसाहेबांना आईने आधीच सांगून ठेवले होते की आज शेवटची प्रार्थना तुम्हीच करा आणि संपवा. पण जन्माची सवय. त्यांच्या तोंडून निघालेच, "ज्यांना प्रेरणा होईल त्यांनी."

आईला सगळ्यांच्या आधी प्रेरणा झाली. तिने जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, सगळ्या संदेष्ट्यांना स्पर्श केला, पाऊसपाणी, आजारी, प्रवासी, वीजघर, वीजघरातले कर्मचारी असे सगळे घेतले. वेळ खाण्याचा बेत होता. पण श्वास कोणालाही घ्यावा लागतो. आईने घेतला, आणि त्या फटीत मावशी शिरली.

"दयाळू बापा, या घरच्या पोरीसाठी मी इनंती करतो. तुले माहीत आहे प्रभु, का या पोरीचा आवाज..."

"आमेन," आई म्हणाली.

"आमेन," सगळी खोली म्हणाली.

हे जाणून घेतले पाहिजे की आमच्या लोकांच्या अंगात आमेन फार खोल मुरलेले आहे. कोणीही ठाम सुरात आमेन म्हटले की बाकीच्यांच्या तोंडून ते आपोआप निघते, झोपेतसुद्धा. आणि एकदा सर्वांनी आमेन म्हटले की प्रार्थना संपली. देवाच्या दाराला कडी लागली. अर्ध्यावर असलेल्या माणसाने मग करायचे काय, याचा नियम कुठेच नाही, कारण असला प्रकार आजवर कोणी केलाच नव्हता.

मावशीने पदर सावरला. मग पुन्हा सुरू झाली. "प्रभु, माहं सरलं नव्हतं. मी काय म्हनून राहिली होती, का या पोरीचा आवाज..."

"आमेन."

"आमेन." या वेळी सवयीने बाबाही म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली. पाळकसाहेब घाईने शेवटचे गीत शोधू लागले.

मी डोळे किलकिले करून पाहिले. खापरखेड्याच्या बाईंनी डोळे चांगले उघडले होते. प्रार्थनेत डोळे उघडणाऱ्या मुलाला ज्या सुरात त्या इतकी वर्षे विचारत आल्या असतील, त्याच सुरात त्यांनी आईला विचारले, "या बाईंना मुलीबद्दल काही सांगायचं आहे. तुम्ही त्यांना बोलू का देत नाही?"

सगळ्यांचे डोळे उघडले. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता, तिकडे कोणी गेले नाही. मला कळले की आता गेले. खापरखेडा गेले, अंगठा गेला. "उशीर होतोय" एवढे म्हटले असते तर निभावले असते, आणि आईच्या ओठांवर ते आलेही होते, मी पाहिले. पण तेवढे खोटे तिला बोलता येईना. इतक्या वर्षांची सवय अशी ऐन वेळी आड आली.

आईने मावशीकडे पाहिले. जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिले.

"बोल वं," ती म्हणाली. मग थांबली, आणि खाली बघून म्हणाली, "माहं चुकलं."

काय चुकले ते तिने सांगितले नाही. मावशीने विचारले नाही. मावशीने आधी नाक पुसले, मग डोळे मिटले, कारण हे आईच्या तोंडावर बोलणे तिलाही जमले नसते.

"प्रभु, या पोरीचा आवाज मोठा आहे. लय मोठा आहे. मी खोटं कायले सांगू? दोन सोयरिकी त्याच्यापायी गेल्या. दाढी लावून राजा होते तर लेकरं मुततात. हिची माय लपवून राहिली, तिचं तू मनावर घेऊ नको, ती माय आहे. पन प्रभु, हिचा बाप दवाखान्यात होता, तवा मी जात होती, माय घरी गेली का. ही बापाले स्तोत्र वाचून दाखवे. हळू वाचे बिचारी. तर पल्याडच्या खाटेवरचा म्हतारा म्हने, बाई जोरानं वाच. आपल्या धर्माचा बी नव्हता तो. मंग त्या टोकाचा म्हने, आमाले बी ऐकू येऊ दे. मंग हिनं आवाज सोडला. सारा वार्ड गप. नर्स बी दारात उभी. एक जन म्हने, मले यातलं काही समजून नाही राहिलं, पन थांबू नको. तवा मले समजलं का तू इतला आवाज काहून देला. मी हे हिच्या मायले सांगनार होती. पन आमचं बोलनं बंद होतं. आता ती इथं बसली आहे म्हनून तुले सांगून राहिली. आमेन."

कोणीच आमेन म्हणाले नाही. आई पदराच्या आड होती. बाबा काठीच्या मुठीकडे बघत होते. मुलाने अंगठ्यावरून नजर उचलून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले होते, आणि मी काय करावे हे न सुचून मान हलवत होते.

त्या बाई पुढे माझ्या सासूबाई झाल्या. मेच्या उन्हात लग्न झाले, आणि वर्षानुवर्षे मी त्यांना रोज दुपारी पेपर वाचून दाखवला, तो शेजारच्या तिन्ही क्वार्टरांनी ऐकला. पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी त्या बराच वेळ मावशीकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे वळून त्यांनी जे कुजबुजायचे ठरवले असावे ते तिसऱ्या इयत्तेच्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेले:

"अरे, मी तर ही मुकी आहे समजून, प्रभूची इच्छा म्हणून, मघाशीच मनात हो म्हणून टाकलं होतं, आता बोलते म्हटल्यावर पुन्हा विचार करावा लागेल."